दम धरणे

अनेकार्थी शब्दांचे उदाहरण म्हणून मी गेली एकोणीस वर्षे वर्गात 'दम' हा शब्द सांगत आले आहे. धावले की दम लागतो, थांबून दम खाता येतो, वरिष्ठ दम देतात, गर्दीत दम कोंडतो, एखाद्याच्या युक्तिवादात दम नसतो आणि हाती काहीच नसले की माणूस दम धरतो. फारसीतला 'दम' म्हणजे श्वास. संस्कृतातला 'दम' म्हणजे निग्रह. दोन वेगळ्या मुलखांतून आलेले हे दोन शब्द मराठीत येऊन असे मिसळले की कुठे एक संपतो आणि कुठे दुसरा सुरू होतो ते आता सांगता येत नाही. हे सगळे फळ्यावर लिहिणे सोपे असते. २०२२ च्या पावसाळ्यात माझ्या आईच्या उजव्या फुफ्फुसात एक गाठ निघाली आणि या शब्दाची जी उजळणी मला करावी लागली ती कोणत्याही कोशाच्या आधाराने करता येण्यासारखी नव्हती.

आई तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. कंधार तालुक्यातल्या एका खेड्यात सोळा माणसांच्या घरात सून म्हणून आली आणि पस्तीस वर्षे चुलीपुढे बसली. सरपण म्हणजे गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या. पावसाळ्यात तेही ओले. स्वयंपाकघराला एकच झरोका. माझ्या लहानपणीच्या आठवणींत आईचा चेहरा नेहमी धुराच्या पलीकडे आहे आणि तिच्या हातात लोखंडी फुंकणी आहे. आयुष्यात तिने विडीला हात लावला नाही. तरी पन्नाशीनंतर तिला जिना चढवेनासा झाला, आणि साठीत ती न्हाणीतून खोलीपर्यंत येताना मध्ये एकदा भिंतीला टेकू लागली. घरात त्याला 'आईचा दमा' म्हणत. डॉक्टरांच्या कागदावर सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होत जाण्याचा आजार, असे लिहिलेले होते. हा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच, असे दीर्घकाळ मानले जाई. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहून, धूम्रपान न करणाऱ्यांतही तो किती मोठ्या प्रमाणावर आहे आणि त्यामागे चुलीचा धूर कसा उभा आहे, हे जगापुढे मांडले. तो लेख माझ्या वाचनात आला तेव्हा आईच्या चुलीवर गॅसची शेगडी येऊन दहा-अकरा वर्षे झाली होती. व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

गाठ सापडली ती खोकला हटेना म्हणून काढलेल्या एक्स-रेत, आणि नंतर सीटी स्कॅनमध्ये. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात, पाठीच्या बाजूस, २.८ सेंटीमीटर. अहवालाच्या शेवटच्या ओळीत सुचवले होते की गाठीचा नमुना तपासून खात्री करून घ्यावी. म्हणजे बायोप्सी. हा शब्द फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ एर्नेस्त बेनिए याने १८७९ साली ग्रीक शब्द जोडून घडवला: 'बिओस' म्हणजे जीवन आणि 'ऑप्सिस' म्हणजे दर्शन. मृत्यूनंतर देह उघडून पाहण्याऐवजी जिवंतपणीच पाहणे, हा त्यातला भाव. आपल्याकडे त्याला लोक 'तुकडा काढणे' म्हणतात. आम्हां मराठीच्या प्राध्यापकांची खोड अशी की संकट आले तरी आधी शब्दाची व्युत्पत्ती पाहतो. मीही पाहिली, आणि मग लातूरला दादाला फोन केला.

दादा रात्रीच्या गाडीनेच आला. आल्याबरोबर त्याने एकच वाक्य सांगितले, "काय करायचं ते करू, पण सुई नको." त्यामागे आमच्या घरातला एक मृत्यू होता. आमचे थोरले मामा उदगीरजवळच्या गावात राहत. २००४ साली त्यांच्या फुफ्फुसात असाच डाग निघाला. थुंकीत जंतू न सापडताही आधी आठ महिने त्यांना क्षयाच्या गोळ्या दिल्या गेल्या. आपल्या भागात क्षय इतका घरोघरचा की फुफ्फुसातला प्रत्येक डाग क्षयाचाच वाटतो, आणि त्या गोळ्यांच्या मुदतीत दुसरा आजार असलाच तर तो आपल्या गतीने पुढे जात राहतो. आठ महिन्यांनी एका मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात त्यांच्या पाठीतून सुई घातली गेली. मामा जुने विडी ओढणारे, चार पावले चालले की थांबणारे. त्यांचा श्वास किती आहे हे त्या दिवशी कुणी मोजल्याचे दादाला आठवत नाही. दोन तासांनी त्यांना घरी सोडले. एसटीत त्यांना धाप लागली. ती दम्याचीच समजून सगळे पंख्याने वारा घालत राहिले. रात्री तालुक्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून हवा काढायला हवी म्हणून पुढे पाठवले. त्यानंतर मामा अकरा दिवस होते. तपासणीचा अहवाल ते गेल्यावर आला, आणि त्यात निदानास पुरेसा नमुना मिळाला नाही असे लिहिले होते. घरात त्या दिवसापासून एक वाक्य रूढ झाले, की मामा सुईने गेले.

या वाक्याला नातेवाइकांनी आपापली भर घातली. गाठीला टोचले की ती चवताळते, सगळीकडे पसरते, असे एकाने सांगितले. सुईच्या वाटेने पेशी पसरल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत; पण त्या फार विरळा, आणि त्या भीतीने कोणी निदान टाळावे असे वैद्यक सांगत नाही. दुसऱ्याने थेट टाटाला न्या म्हणून सांगितले. मराठवाड्यात कॅन्सर हा शब्द उच्चारला की पाठोपाठ परळचे टाटा मेमोरियल आणि दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा ही नावे येतातच. १९४१ पासून त्या रुग्णालयाने मिळवलेला तो विश्वास आहे. परंतु सपाटीवर वीस पावलांत थांबणाऱ्या बाईला सुमारे सहाशे किलोमीटर न्यायचे, तेही नेमके काय विचारायला, हे आम्हांलाच ठाऊक नव्हते. ज्या नांदेडात नरहर कुरुंदकरांनी पीपल्स कॉलेजात मराठी शिकवले, त्या गावात मराठी शिकवणारी मी पुराव्यावाचून निष्कर्ष काढू नये असे विद्यार्थ्यांना बजावते. आणि घरात मात्र एका मृत्यूवरून काढलेला निष्कर्ष मी मुकाट्याने मान्य करून बसले होते.

डॉक्टर लेनमधल्या एका छातीरोगतज्ज्ञांनी आम्हांला यातून बाहेर काढले. त्यांनी सीटीचा लेखी अहवाल बाजूला ठेवला आणि सीडी मागितली. ती पाहण्याआधी त्यांनी आईच्या मानेवर, हसळीच्या हाडामागे, बराच वेळ बोटे फिरवली. मी कारण विचारल्यावर ते म्हणाले, "इथं एखादी गाठ लागली असती ना मॅडम, तर फुफ्फुसापर्यंत जायची गरजच पडली नसती. मानेतल्या गाठीत सुई घातली तर श्वासाला धक्का लागत नाही. जिथं सर्वांत कमी धोका, तिथून नमुना घ्यायचा." तिथे गाठ नव्हती. फुफ्फुसाभोवती पाणी आहे का तेही त्यांनी पाहिले. पाण्यातूनही कधी कधी पेशी मिळतात. पाणीही नव्हते. मग त्यांनी आईला श्वास मोजण्याच्या यंत्रापुढे बसवले.

हे यंत्र, स्पायरोमीटर, जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने १८४६ साली मांडलेल्या कल्पनेतून वाढलेले. छातीभर श्वास घ्यायचा आणि नळीत जोराने सोडायचा. तंत्रज्ञ मुलगी ओरडत होती, "फुंका आजी, फुंका, फुंका, अजून फुंका!" आईने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि तिला हसू आले. आयुष्यभर दुसरे केले काय, असा त्या हसण्याचा अर्थ होता. तीन वेळा फुंकल्यावर आकडा आला. पहिल्या सेकंदात तिच्या फुफ्फुसातून बाहेर आलेली हवा ०.६ लिटर होती; तिचे वय आणि उंची पाहता असायला हवी त्याच्या ३८ टक्के.

या आकड्याचा सुईशी काय संबंध, हे त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितले. फुफ्फुसावर एक पातळ आवरण असते आणि छातीच्या आतल्या बाजूस दुसरे. दोन्ही एकमेकांना चिकटून असतात, मध्ये हवा नसते. सुई हवेने भरलेल्या फुफ्फुसातून गेली की छिद्रातून हवा त्या दोन आवरणांमध्ये शिरू शकते आणि फुफ्फुस आकसते. याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. नव्या कापडातून सुई काढली की धागे पुन्हा जवळ येतात. विरलेल्या कापडात भोक तसेच राहते. सीओपीडीचे फुफ्फुस हे असे विरलेले कापड. त्यात हवा गळण्याचा संभव अधिक, आणि गळली तर सोसण्याची शिल्लक कमी, अशी ही दुहेरी अडचण. निरोगी माणूस एक फुफ्फुस थोडे आकसले तरी दुसऱ्यावर निभावून नेतो. ज्याच्या दोन्ही फुफ्फुसांचे मिळून ३८ टक्के उरले आहेत त्याला त्यातले थोडे गेले तरी जड जाते. मामांच्या बाबतीत काय घडले असेल ते त्या चित्रावरून मला अठरा वर्षांनी कळले.

अमेरिकेतल्या चार राज्यांतील १५,८६५ रुग्णांच्या नोंदी पाहून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेरून सुई घालून केलेल्या फुफ्फुसाच्या बायोप्सीनंतर १५ टक्के लोकांत हवा गळाल्याचे, आणि ६.६ टक्के लोकांना नळी घालावी लागल्याचे आढळले होते. साठ ते एकोणसत्तर वयाचे, धूम्रपान करणारे आणि सीओपीडी असलेले, यांत धोका अधिक होता. ब्रिटनच्या थोरॅसिक सोसायटीने २००३ साली घालून दिलेल्या नियमांत, पहिल्या सेकंदाचा आकडा ३५ टक्क्यांच्या खाली असेल तर एका डॉक्टरने एकट्याने ठरवू नये, निरनिराळ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून विचार करावा, असे सुचवलेले आहे. आई त्या रेषेच्या तीन टक्के वर होती. ते म्हणाले, "तीन टक्क्यांवर आपण विसंबायचं नाही. आपणही बसूनच ठरवू." त्यांनी हैदराबादच्या एका क्ष-किरणतज्ज्ञांना आणि एका कर्करोगतज्ज्ञांना त्याच संध्याकाळी चित्रे पाठवली.

त्या चर्चेत पहिला प्रश्न, सुई घालायची कशी, हा नव्हताच. पहिला प्रश्न असा होता की उत्तर मिळाले तर आपण काही वेगळे करणार आहोत का. गाठ कसलीही निघाली तरी रुग्णाला कोणताच उपचार झेपणार नसेल, किंवा घ्यायचाच नसेल, तर तिला टोचण्यात अर्थ नाही. आईची शस्त्रक्रिया होणे शक्य नव्हते. मात्र क्षय निघाला असता तर सहा महिन्यांत बरा झाला असता. आणि धूम्रपान न केलेल्या स्त्रियांतल्या फुफ्फुसाच्या कर्करोगात पेशीच्या जनुकात एक विशिष्ट बदल आपल्याकडे बऱ्याच वेळा सापडतो, तो सापडला तर केमोथेरपीऐवजी रोजच्या एका गोळीवर उपचार होतो. नमुन्याशिवाय हे कळण्याचा मार्ग अरुंद होता. रक्तातून तो बदल शोधता येतो, पण रक्तात न सापडणे म्हणजे नसणे नव्हे. फारच थकलेल्या रुग्णात नुसत्या चित्रांवरून अंदाज बांधून नेमक्या जागी किरणोत्सर्ग देण्याचाही पर्याय असतो. परंतु ज्या भागात क्षयाच्या गाठी इतक्या, तिथे असा अंदाज चुकण्याची भीती मोठी. दुर्बीण आत घालण्याचाही विचार झाला. गुस्ताफ किलियनने १८९७ साली घशातून ताठ नळी श्वासनलिकेत नेली आणि शिगेतो इकेदा यांनी १९६६ साली ती लवचीक केली, तरी नेहमीची दुर्बीण फुफ्फुसाच्या कडेपर्यंत पोचत नाही, आणि आईची गाठ कडेलाच होती.

हे कडेला असणेच तिच्या पथ्यावर पडले. क्ष-किरणतज्ज्ञांनी चित्रांत दाखवले की गाठीची पाठीकडची बाजू छातीच्या भिंतीला दोनेक सेंटीमीटर टेकलेली आहे. सुई तिथूनच आत गेली तर ती कातडी, स्नायू आणि सरळ गाठ असा प्रवास करील; हवेने भरलेल्या फुफ्फुसाला तिचा स्पर्शही होणार नाही. मार्ग थोडा तिरपा, कोन अवघड. पण जवळच्या वाटेपेक्षा ही वाट सुरक्षित. मामांच्या गाठीला अशी वाट होती की नाही, हे आता कोणी सांगू शकणार नाही. त्या वेळी तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता, एवढे खरे.

इथवर आल्यावर माझ्या एका अपराधाची नोंद करणे भाग आहे. हे सारे आम्ही आईच्या पाठीमागे ठरवत होतो. तिला मी 'कफ साचून डाग पडलाय' असे सांगितले होते. शब्द निवडण्याचे शिक्षण माझे झालेले आहे, आणि ते मी तिच्यापासून एक गोष्ट दडवण्यासाठी वापरले. दादा, मी आणि माझे यजमान बाहेरच्या खोलीत हलक्या आवाजात बोलत असताना ती भिंतीला धरून दारापर्यंत आली. बसली, दम खाल्ला आणि म्हणाली, "तुम्ही सगळे माझ्याबद्दलच बोलायलात ना? मग माझ्याशी बोला की."

मग मी सांगितले. गाठ आहे, ती कॅन्सरची असू शकते, क्षयाची असू शकते; सुईने तुकडा काढला तर कळेल; सुईने दम वाढू शकतो. तिने पहिला प्रश्न विचारला तो दादाच्या मनातलाच होता, "भाऊच्या येळंला हेच केलतं ना?" दादाने मान खाली घातली. मी डॉक्टरांनी काढलेले चित्र आणले आणि मला समजले होते तेवढे तिला समजावले. चित्राकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "इतकी वर्सं धूर आत गेला, तवा कुणी चित्र काढून दावलं नाही. आता सुई जायलीय तर काढायलेत." मला यावर काही बोलता आले नाही. थोड्या वेळाने तिने विचारले की नाही केले तर काय होईल. मी म्हणाले की मग अंदाजानेच चालावे लागेल. "अंदाजानं लई झालं," ती म्हणाली. "बघू द्या त्यांला."

सुईची तारीख तीन आठवड्यांनी ठरली. हा काळ वाया जातो आहे असे मला वाटे, पण त्यातच निम्मी सुरक्षितता होती हे मागून कळले. आधी श्वासनलिका जितक्या मोकळ्या होतील तितक्या करायच्या होत्या. पंपातून औषध घेण्याची तिची पद्धतच चुकीची असल्याचे निघाले. औषध फुफ्फुसात जाण्याऐवजी घशात बसत होते. नळकांडे लावून ती पुन्हा शिकवली गेली. सकाळ-संध्याकाळ वाफारा सुरू झाला. खोकला आटोक्यात आणला, कारण सुई आत असताना आलेली एक ढास सगळे बिघडवू शकते. रक्त पातळ करणारी गोळी आठवडाभर आधी बंद झाली, रक्त गोठण्याची तपासणी झाली. आणि सराव सुरू झाला. सुईच्या वेळी पालथे पडून राहायचे होते, अर्धा तास. आणि सांगितले की काही क्षण श्वास रोखायचा होता, तोही दर वेळी सारखाच, छोटासा. जिला उताणे झोपतानाही तीन उशा लागत तिला हे जमेल का, म्हणून घरच्या दिवाणावर आम्ही रोज बघत असू. पहिल्या दिवशी चार मिनिटांत ती उठून बसली. छातीखाली एक पातळ उशी घेतली, तोंड एका कुशीवर वळवले, ऑक्सिजनच्या नळीची सवय केली. मी घड्याळ घेऊन शेजारी बसे आणि म्हणे, "आता दम धर." पाच मोजले की सोड. अठराव्या दिवशी ती पस्तीस मिनिटे राहिली. हाच शब्द मी वर्गात किती सहज उच्चारत आले होते.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही देगलूरमार्गे हैदराबादला गेलो. संमतिपत्र इंग्रजीत होते. परिचारिका म्हणाली, तुम्ही वाचून सांगा आणि सही घ्या. मी वाचू लागले आणि तिसऱ्या ओळीला अडखळले. हवा गळू शकते, नळी घालावी लागू शकते, रक्तस्राव होऊ शकतो, हे म्हणून झाले. पुढच्या वाक्यात क्वचित प्रसंगी मृत्यू असे होते. ते मराठीत कसे म्हणावे हे मला सुचेना. आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहून विचारले, "मरण बी येऊ शकतंय असं लिवलंय का?" मी हो म्हणाले. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईने पेन मागून घेतले आणि सावकाश आपले पूर्ण नाव लिहिले. "चांगलंय," ती म्हणाली. "लपवलं नाही त्यांनी."

आत काय झाले ते मी काचेपलीकडून पाहिले. सीटीच्या यंत्रात पालथी पडलेली आई, पाठीवर खुणेसाठी चिकटवलेली तार, जागा बधिर करण्याचे इंजेक्शन, मग दर थोड्या वेळाने यंत्र आत-बाहेर आणि नवे चित्र. बाजूच्या टेबलावर छातीत घालायची नळी उघडून तयार ठेवलेली होती. मागचा दिवस आणि पुढची रात्र मिळून दोन दिवसांची खाट आधीच राखून ठेवलेली होती. सुईतून तीन नमुने निघाले. शेवईच्या बारीक तुकड्यांएवढे, पांढुरके. तेवढ्यासाठी तीन आठवडे. नंतर तिला टोचलेली बाजू खाली येईल असे झोपवले, म्हणजे अंगाच्या भाराने छिद्र दाबले जाते. बोलायचे नाही, खोकायचे नाही. तासाभराने काढलेला एक्स-रे स्वच्छ होता. चौथ्या तासाच्या एक्स-रेत फुफ्फुसाच्या टोकाला हवेची एक बारीक रेघ दिसली. इतकी काळजी घेऊनही दिसली, म्हणून मी हे मुद्दाम लिहिते आहे. सुरक्षित याचा अर्थ धोका नाहीसा झाला असा होत नाही. मामांना चौथ्या तासाला एसटीत बसवलेले होते, आणि आई चौथ्या तासाला नळीपासून हातभर अंतरावर होती, एवढाच काय तो फरक. तिला ऑक्सिजन लावला. रात्रभर परिचारिका तासातासाला बोटातले यंत्र पाहून आकडे लिहीत होती. सकाळच्या एक्स-रेत रेघ वाढली नव्हती. दुसऱ्या सकाळी ती विरली होती. नळी लागली नाही.

अहवाल कर्करोगाचा आला. जनुकातला तो बदलही सापडला. रोज एक गोळी सुरू झाली. अंगावर पुरळ उठे, तोंड यायचे. पण दोन महिन्यांत गाठ आकसली आणि खोकला थांबला. आई त्यानंतर दोन वर्षे आणि चार महिने जगली. त्यात नातीचे लग्न झाले, आणि दोन दिवाळ्यांत खुर्चीवर बसून तिने आम्हांला चकल्या कशा चुकतात ते सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये ती घरी, आपल्या खाटेवर गेली. दमा शेवटपर्यंत होताच. सुईने ती वाचली असे मी म्हणत नाही. अंदाजाने चालायचे नाही हे तिने ठरवले होते, आणि ते तिला मिळाले.

ती गेल्यावर वैद्यकात आणखी एक पाऊल पडले. श्वासनलिकांचा नकाशा संगणकावर तयार करून त्याच्या आधारे बारीक दुर्बीण आतून थेट गाठीपाशी नेण्याची एक पद्धत आहे. ही पद्धत आणि बाहेरून घातलेली सुई यांची १० ते ३० मिलिमीटरच्या गाठींवर प्रत्यक्ष तुलना करणारा एक अभ्यास २०२५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. अचूक निदानात आतली वाट उणी पडली नाही. आणि हवा गळण्याचे प्रमाण बाहेरच्या सुईत २८.३ टक्के, तर आतल्या वाटेने ३.३ टक्के होते. फुफ्फुसे विरलेल्या माणसाला हा फरक फार मोठा आहे. ही यंत्रे मात्र मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांतच आहेत. कंधारच्या बाईपर्यंत ती येईतो बाकीचे सगळे, म्हणजे श्वास मोजणे, मान चाचपणे, सुईची वाट आधी चित्रात शोधणे, नळी तयार ठेवणे, रात्रभर खाट देणे, हे तरी करता येतेच. यातले बहुतेक काही महाग नाही. वेळ मात्र लागतो.

गेल्या महिन्यात लोह्याहून एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. वडिलांना जुना दमा, फुफ्फुसात गाठ, परवा बायोप्सीला बोलावले आहे. मॅडम, करावी की करू नये? मी डॉक्टर नाही, असे आधी सांगितले. मग म्हणाले, श्वासाची तपासणी झाली का ते विचार. उत्तर मिळाल्यावर उपचार काय बदलणार ते विचार. दुसरी एखादी सोपी जागा आहे का, सुई फुफ्फुसाच्या किती भागातून जाणार, हवा गळली तर नळी घालायला तिथे रात्री कोण असेल, आणि रात्रभर ठेवून घेणार का, तेही विचार. तो भराभर लिहून घेत होता. शेवटी मी विचारले, "वडिलांना सांगितलंय का?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मागे कुणीतरी खोकत होते.

"थांबा मॅडम," तो म्हणाला. "बाबांनाच फोन देतो."